शास्त्रातील उतारा मानवी आणि ईश्वरी अशा दोन्ही अंगांनी कसा वाचावा

बायबल हे देवाचे वचन आहे आणि ते माणसांनी लिहिलेले आहे, या दोन्ही गोष्टी ख्रिस्ती श्रद्धा एकाच वेळी मानते. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (१:२१) त्या एकाच वाक्यात आल्या आहेत : बोलली ती माणसेच, पण पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने आणि देवाकडून आलेले बोलली. प्रत्यक्ष वाचनात मात्र हे दोन्ही धरून ठेवणे अवघड जाते. कोणी लेखकाला देवाच्या हातातली निर्जीव लेखणी समजतो, तर कोणी सगळा ग्रंथ प्राचीन वाङ्मयाच्या कपाटात ठेवून मोकळा होतो. सर्वांत सोयीचा, आणि माझ्या मते सर्वांत घातक, मार्ग तिसरा आहे : जे पटले ते देवाचे आणि जे खटकले ते माणसाचे, अशी वाटणी करणे. पुढे दिलेली पद्धत ही वाटणी टाळण्यासाठी आहे. उताऱ्यातील प्रत्येक वाक्य पुरतेपणी माणसाचे आहे आणि देव बोलतो तो त्याच वाक्यातून, हे ती गृहीत धरते.

प्रथम पंधरा-वीस ओव्यांचा उतारा निवडावा आणि वही-पेन्सिल घेऊन तो एकदा केवळ माणसाच्या खुणा शोधत वाचावा. बोलणारा कोण, ऐकणारे कोण, हे आत्ताच लिहिण्याची गरज का पडली आणि हा लेखनप्रकार कोणता, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. नियमशास्त्र, स्तोत्र, दृष्टांत, पत्र आणि दर्शन यांना एकच मापदंड लावता येत नाही. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, आरंभी ज्याला उद्देशून तो लिहितो त्या थियफिलाला सांगतो की, त्याने मुळापासून सर्व गोष्टींचा शोध घेऊन त्या अनुक्रमाने लिहिल्या आहेत. आकाशवाणी झाल्याचा दावा तो करत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (१६:२२) तर पत्र लिहून घेणारा तर्तिय स्वतःच्या नावाने वाचकांना सलाम सांगतो. अशा खुणांना अडथळा न मानता त्या जशाच्या तशा टिपाव्यात.

करिंथकरांस पहिल्या पत्रातील १:१०-१७ हा भाग या कामासाठी उत्तम आहे. पौलाने ज्यांना हे पत्र लिहिले त्या करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीत तट पडले आहेत. ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’, ‘मी केफाचा’ (म्हणजे पेत्राचा) असे लोक म्हणू लागले आहेत. पौल संतापून म्हणतो की, क्रिस्प आणि गायस यांच्याखेरीज मी तुमच्यापैकी कोणाचाही बाप्तिस्मा केला नाही. लगेच त्याला आठवते की, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला होता. आणि त्यानंतर तो मोकळेपणाने सांगतो की, आणखी कोणाचा केला असल्यास ते आपल्याला ठाऊक नाही. पत्राच्या अखेरीस (१६:२१) सलाम आपल्या हातचा असल्याचे तो म्हणतो, म्हणजे बाकीचे पत्र दुसऱ्याच्या हातचे आहे. येथे बोलता बोलता विसरणारा आणि स्वतःला दुरुस्त करणारा माणूस ऐकू येतो. ही विस्मृती बाजूला सारून ‘खरा संदेश’ शोधू लागलो, तर संदेशच निसटतो. बाप्तिस्मा कोणी केला याला महत्त्व नाही, ख्रिस्ताचे विभाग होऊ शकत नाहीत, हाच पौलाचा मुद्दा आहे, आणि कोणाकोणाला बाप्तिस्मा दिला हे त्या प्रेषिताला धड आठवतही नाही, यातून तो मुद्दा अधिकच ठसतो.

समांतर उतारे असतील तेथे वहीत रकाने आखावेत. वधस्तंभावरील आरोपाच्या पाटीचे शब्द चारही शुभवर्तमानांत वेगळे आहेत. मार्कात केवळ ‘यहूद्यांचा राजा’ आहे. लूक आणि मत्तय थोडे अधिक शब्द देतात. योहान ‘नासरेथकर’ हे विशेषण घालतो आणि रोमी सुभेदार पिलाताने पाटी बदलण्यास नकार दिल्याचेही सांगतो. चारही मिळून एक ‘संपूर्ण’ वाक्य जोडण्याची घाई करू नये. प्रत्येक लेखक कशावर बोट ठेवतो हे आधी पाहावे, मग चौघांत समान काय ते पाहावे : पिलाताने आरोप म्हणून लावलेले शब्द श्रद्धावंत वाचकाला सत्य म्हणून वाचावे लागतात.

यानंतरच दुसरे वाचन करावे, आणि ते शक्यतो प्रार्थनेने सुरू करावे. आता प्रश्न बदलतात : हा उतारा देवाविषयी काय सांगतो, ख्रिस्ताच्या प्रकाशात तो कसा दिसतो, आपल्याकडून काय मागतो? कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी जाहीर केलेल्या प्रकटीकरणविषयक दस्तऐवजातही लेखकाचा हेतू आणि लेखनप्रकार पाहण्यास सांगितले आहे, आणि त्याबरोबरच संपूर्ण शास्त्राची एकता व मंडळीची जिवंत परंपरा ध्यानात घेण्यास सांगितले आहे. त्याच दस्तऐवजात देवाच्या शब्दाने मानवी भाषा धारण करण्याची तुलना ख्रिस्ताच्या देहधारणेशी केली आहे. ख्रिस्ताच्या ठायी देवत्व व मनुष्यत्व मिसळतही नाहीत आणि विलगही होत नाहीत, असे खाल्सेदोन येथील धर्मपरिषदेने ४५१ साली मांडले होते. वाचकासाठी ही तुलना मोलाची आहे, पण ती ताणू नये, कारण ख्रिस्त ही व्यक्ती आहे, ग्रंथ नव्हे, आणि ख्रिस्ती माणूस आराधना ग्रंथाची करत नाही.

शास्त्रात चूक असू शकते का, यावर मंडळ्यांचे एकमत नाही. वरील दस्तऐवज देवाने आपल्या तारणासाठी नोंदवू इच्छिलेल्या सत्यावर भर देतो. १९७८ चे इव्हँजेलिकल (शास्त्राच्या अधिकारावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) विद्वानांचे शिकागो निवेदन शास्त्र आपल्या सर्व शिकवणीत निर्दोष असल्याचे म्हणते. तरीही देवाने लेखकांची व्यक्तिमत्त्वे दडपून टाकली, ही कल्पना तेदेखील नाकारते. म्हणून पहिले वाचन कोणत्याही परंपरेतील वाचकाने वगळू नये.

खरी कसोटी स्तोत्र १३७ सारख्या ठिकाणी लागते. बाबेलच्या (बाबिलोनच्या) नद्यांकाठी रडणारे यहूदी बंदिवान शेवटच्या ओवीत शत्रूच्या बालकांना खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणतात. ‘हा भाग माणसाचा’ म्हणून सोडून देणे किंवा ‘ही देवाची आज्ञा’ म्हणून स्वीकारणे, दोन्ही चुकीचे. या ओवीत वक्ता देव नाही. घरदार उद्ध्वस्त झालेली माणसे त्याच्यासमोर आपला सूड ओकत आहेत. तो सूड प्रार्थनेच्या पुस्तकात जसाच्या तसा राहिला आहे, यातच ईश्वरी बाजू शोधावी, आणि मग शत्रूंवर प्रीती करण्याची येशूची आज्ञा (मत्तय ५:४४) त्याच बैठकीत वाचावी. दोन्ही एकत्र वाचताना अस्वस्थता राहिली, तर ती वहीत लिहून ठेवावी. ओढूनताणून मिटवू नये.

सरावासाठी पुढचा उतारा म्हणून यिर्मयाचा ३६ वा अध्याय घ्यावा. संदेष्टा यिर्मया सांगतो, त्याचा लेखनिक बारूख शाईने लिहितो, यहोयाकीम राजा वाचून झालेला भाग चाकूने कापून शेगडीत टाकतो, आणि दुसऱ्या गुंडाळीत पहिले सर्व शब्द लिहिले जाऊन त्यांत तशाच आणखी पुष्कळ शब्दांची भर पडते. वहीत एकच प्रश्न लिहून अध्याय वाचण्यास आरंभ करावा : ही भर कोणाची?