सार्वकालिक कसोटी संघाचा वाद आकड्यांनी कसा लढवावा

वादाला बसण्याआधी मी समोरच्याकडून दोन गोष्टी ठरवून घेतो. सामना कोणत्या प्रकारचा आणि जागा कोणती? कसोटी संघ निवडत असू, तर एकदिवसीय सामन्यांतली शतकं बाहेर. आणि 'सचिन मोठा की लारा?' असा प्रश्न मी घेतच नाही. चौथ्या क्रमांकावर कोण, असं विचारा. त्या जागेवर सचिनच्या 13492 कसोटी धावा आहेत. आता दुसऱ्या नावाला नेमकं कशाशी झुंजायचं आहे ते स्पष्ट झालं.

जागेचा आकडा आणि कारकिर्दीचा आकडा किती वेगळे असू शकतात, हे यष्टीरक्षक निवडताना सगळ्यात चांगलं कळतं. संगकाराची सरासरी 57.40, गिलख्रिस्टची 47.60. एवढं सांगून कोणी संगकाराला यष्टीमागे उभं करत असेल तर लगेच विचारा, ग्लोव्ह्ज घालून किती? यष्टीरक्षक म्हणून खेळलेल्या 48 कसोटींत त्याची सरासरी 40.48 आहे, निव्वळ फलंदाज म्हणून 66.78. गिलख्रिस्ट मात्र त्याच्या सगळ्या 96 कसोटी यष्टीरक्षक म्हणूनच खेळला. म्हणजे संगकाराचे 57.40 तिसऱ्या क्रमांकाच्या दाव्यात मांडा, आणि तिथे ब्रॅडमन बसलेला आहे.

पण गिलख्रिस्टवाल्यांनीही इथे थांबू नये. अँडी फ्लॉवरची यष्टीरक्षक म्हणून सरासरी 53.70 आहे. नुसत्या सरासरीवर फ्लॉवरच जिंकतो. तरी मी गिलख्रिस्टलाच घेतो, कारण फ्लॉवरचं मोठेपण झिम्बाब्वेच्या दुबळ्या फलंदाजीला एकट्याने धरून ठेवण्यात होतं. या संघात त्याच्या आधी सहा दिग्गज खेळून गेलेले असतील. सातव्या क्रमांकावर मला थकलेल्या गोलंदाजांवर तुटून पडणारा हवा, आणि गिलख्रिस्टचा स्ट्राइक रेट, म्हणजे दर 100 चेंडूंमागच्या धावा, 82च्या जवळ आहे.

किमान सामन्यांची अट यादी उघडण्याआधीच ठरवा, नावं पाहून नव्हे. 50 कसोटींची अट लावली तर 22 कसोटी खेळलेला जॉर्ज हेडली (60.83) आणि 23 खेळलेला ग्रॅम पोलॉक (60.97) दोघेही गळतात, आणि ते मला मुळीच मान्य नाही. मी 20 धरतो. मग 20 कसोटींत 61.87 सरासरीचा अॅडम व्होजेस या दोघांच्याही वर येतो. अशा वेळी अट बदलू नका, प्रतिस्पर्धी पाहा. व्होजेसच्या 1485 धावांपैकी 542 वेस्ट इंडिजविरुद्धच्या, त्याही एकदाच बाद होऊन. त्या वगळल्या की सरासरी 41 उरते. कोणताही मोठा आकडा असा एकदा फोडून बघावा.

वगळायचंच तर दोन्ही बाजूंनी सारखं वगळा. श्रीलंकेचा फिरकीपटू मुरलीधरन, म्हणजे मुरली, याच्या 800 बळींवर पहिला आक्षेप ठरलेला असतो: बांगलादेश आणि झिम्बाब्वेविरुद्धचे काढा. ठीक आहे, 176 कमी करा, 624 उरतात. पण तीच चाळणी वॉर्नच्या 708 बळींना लावून 691 लिहा, आणि वॉर्नला स्वतःच्याच ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजांना गोलंदाजी करावी लागली नाही, हेही शेजारी लिहा. भारतातल्या कामगिरीचा मुद्दा निघाला तर तो दोघांनाही झोंबतो. तिथली गोलंदाजीची सरासरी (एका बळीमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं): वॉर्न 43.11, मुरली 45.45. माझ्या संघात मुरली आहे, पण वॉर्नचा दावा खोडायला मी भारताचा आकडा वापरणार नाही.

काळाचा फरक ज्याच्या-त्याच्या समकालीनांशी तुलना करून मोजावा. 1914 पर्यंत खेळलेल्या सिडनी बार्न्सची गोलंदाजीची सरासरी 16.43 आणि माल्कम मार्शलची 20.94 थेट शेजारी ठेवणं अन्यायाचं आहे. बार्न्सच्या काळात खेळपट्ट्या झाकल्या जात नव्हत्या. फलंदाजीतलं ब्रॅडमनचं 99.94 मात्र या निकषावरही टिकतं. त्याच काळातल्या हॅमंडची सरासरी 58.45 होती.

कोणी नवं नाव काढलं की त्याला विचारा, काढायचं कोणाला? कॅलिस हवा असेल तर सहाव्या क्रमांकावरून सोबर्स जाईल. एकूण धावा आणि बळी कॅलिसचे जास्त: 13289 आणि 292, सोबर्सचे 8032 आणि 235. पण कॅलिस 166 कसोटी खेळला, सोबर्स 93. दर कसोटीमागे सोबर्सच्या 86 धावा आणि अडीच बळी, कॅलिसच्या 80 धावा आणि पावणेदोन बळी. शिवाय सोबर्स डाव्या हाताने वेगवान मारा करी आणि दोन्ही प्रकारची फिरकीही टाकी, म्हणून माझा पाचवा गोलंदाज तोच. कॅलिसच्या बाजूने बोलायचं असेल तर एकूण बळी सोडा आणि गोलंदाजीची सरासरी पुढे करा: त्याची 32.65, सोबर्सची 34.03. तिथे मला उत्तर शोधावं लागतं.