पांढरे कपडे करडे का पडतात? आधी पाणी ओळखा, मग पावडर घ्या

कपडे उजळ निघत नाहीत अशी तक्रार केली की लगेच सल्ला मिळतो: पावडर बदला, नाहीतर थोडी जास्त घाला. मी हा सल्ला तीन वर्षं पाळला आणि मुलांचे शाळेचे पांढरे शर्ट दर महिन्याला थोडे जास्तच मळकट होताना पाहिले. त्याला आता बरीच वर्षं झाली. आजही कुणी नव्या सुनेला, नाहीतर पहिल्यांदा एकटं राहणाऱ्या मुलाला हाच सल्ला देताना ऐकलं की राहवत नाही. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

माझं माहेर रत्नागिरीजवळ. जांभ्यात खणलेली विहीर, पाणी एकदम हलकं. साबणाची वडी कपड्यावरून दोनदा फिरवली की फेस यायचा, आणि दोन पाण्यांत कपडा स्वच्छ व्हायचा. लग्नानंतर पुण्याच्या उपनगरात आलो. सोसायटीची बोअर, उन्हाळ्यात टँकर. हात तेच, साबण तोच, पण धुणं काही निघेना. बदललं होतं फक्त पाणी, आणि ते माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली.

पाणी ओळखा

शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात, बोलताना आपण जड पाणी म्हणतो. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरला असं पाणी सर्रास लागतं. तूरडाळ लवकर शिजत नाही, गीझरच्या कॉइलवर खडूसारखा थर बसतो, नळाच्या तोटीभोवती पांढरं कडं धरतं, वाळलेल्या स्टीलच्या भांड्यावर ठिपके दिसतात. यातलं काहीही घरात दिसत असेल तर धुण्याची अडचणही तिथेच आहे.

खात्री करायची असेल तर दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत तुमचं धुण्याचं पाणी अर्धं भरा, दुसरीत आरओचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाका आणि झाकण लावून चांगलं हलवा. आरओच्या पाण्यात घट्ट फेस येईल आणि टिकेल. जड पाण्यात फेस येतो न येतो तोच बसेल, आणि पाणी दुधासारखं गढूळ होऊन वर साय धरल्यासारखे कण तरंगतील. ही परीक्षा डिटर्जंटच्या वडीने करू नका. डिटर्जंटला जड पाण्यातही फेस येतो, आणि आपली फसगत होते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणीच मिळत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे प्यायला चालणारं पाणी धुण्याला चांगलं असेलच असं नाही. टँकरवाला ‘पाणी एकदम पिण्याचं आहे’ म्हणाला, तरी धुण्याच्या दृष्टीने त्यातून काहीच कळत नाही.

पावडर की लिक्विड की वडी

जड पाण्यात धुण्याचा साधा साबण वापरू नका. इथे मी अजिबात तडजोड करत नाही. तेल आणि कॉस्टिकपासून बनलेला खरा साबण कॅल्शियमशी संयोग पावला की त्याची न विरघळणारी चिकट साय होते. ती कपड्याच्या धाग्यांत बसते आणि मळ धरून ठेवते. डिटर्जंटचं असं होत नाही, निदान इतकं होत नाही. हलकं पाणी असेल तर मात्र साबणाची वडी उत्तम, तिला नावं ठेवायचं कारण नाही.

पाकिटावर ‘एन्झाइम’ लिहिलेलं असेल तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. घाम, दूध, वरण-भात, रक्त अशा डागांना एन्झाइम तोडतात. पण त्यांना कोमट पाणी आणि वेळ लागतो. उकळतं पाणी ओतलंत तर एन्झाइम मरतात आणि जास्तीचे पैसे वाया जातात. रेशीम आणि लोकर हीसुद्धा प्रथिनंच. त्यामुळे पैठणी, शाल, स्वेटर एन्झाइमच्या पावडरीत घालू नका. त्यांना रिठ्याचं पाणी किंवा लोकरीसाठीचं सौम्य लिक्विड.

फ्रंट लोड मशीनला तिचीच पावडर, कारण ती कमी फेसाची असते. फेस जास्त झाला की कपडे त्याच फेसावर तरंगतात, एकमेकांवर घासले जात नाहीत, आणि मळ निघत नाही. फेस म्हणजे स्वच्छता ही आपल्या मनात बसलेली समजूत आहे, ती काढून टाका.

‘चमकदार शुभ्रता’ देणाऱ्या पावडरींत बहुतेक वेळा ऑप्टिकल ब्राइटनर असतो. तो उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतो, म्हणून पिवळेपणा डोळ्यांना जाणवत नाही. पांढऱ्या शर्टांना ठीक आहे. न रंगवलेली खादी, बदामी किंवा फिकट केशरी सुती कपडे त्याने निळसर पांढरे पडतात आणि मूळचा रंग परत येत नाही.

डाग

पांढरे, रंगीत आणि जाड कपडे वेगळे काढणं, खिसे बघणं, हे सांगायची गरज नाही. डागांबद्दल तीनच गोष्टी. रक्त आणि दूध आधी थंड पाण्यात, गरम पाण्याने ते धाग्यात शिजतात. कॉलरच्या तेलकट पट्ट्याला भांड्याचं लिक्विड थेंबभर, बोटाने चोळून पंधरा मिनिटं. फणसाचा चीक लागला तर आधी खोबरेल लावून तो सोडवा, मग साबण.

हळदीची गोष्ट वेगळी. सदऱ्यावर आमटी सांडली, साबण लावला आणि पिवळा डाग एकदम लालभडक झाला, की माणूस घाबरतो आणि घासत सुटतो. घाबरू नका. हळदीतला रंग साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थात लाल होतो, साबण धुऊन काढला की पुन्हा पिवळा होतो. एकदा नीट धुवा आणि ओल्या कपड्याचा डाग थेट उन्हाकडे करून वाळत घाला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. दोन-तीन दुपारी पुरतात.

खळबळणं: सगळं इथे बिघडतं

आता मूळ मुद्दा. त्या तीन वर्षांत मी काय करत होते? शर्ट मळकट दिसले की पावडर वाढवत होते. एका पेल्याचा दीड पेला झाला. मग नीळ, मग आणखी महागाची पावडर. एका सकाळी धुऊन, वाळवून, घडी घातलेला स्वच्छ टॉवेल मी गरम पाण्याच्या बादलीत बुडवला. दुखऱ्या पायावर ठेवायचा होता, म्हणून नुसतं पाणी, साबणाचा कणही नाही. टॉवेल हाताने दाबला तसा कडेने फेस आला. पाच मिनिटांत पाणी तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं पांढुरकं झालं, आणि तळाशी बोटाला लागेल असा बारीक रवाळ गाळ. धुतलेल्या टॉवेलमधून हे निघत होतं.

म्हणजे कपड्यांत मळ उरत नव्हता. उरत होती मीच घातलेली पावडर आणि पाण्यातले क्षार. दर धुण्याला त्यावर एक थर चढत होता. टॉवेल पापडासारखा कडक होणं, बनियन काखेत खाजणं, इस्त्रीखाली शर्ट पिवळट होणं, गडद कपड्यांवर पांढऱ्या रेघा येणं, ही सगळी त्याच थराची लक्षणं. तुमच्याकडे यातलं काही असेल तर आजच एक धुतलेला टॉवेल गरम पाण्यात बुडवून बघा. पावडरची जाहिरात बघण्यापेक्षा यातून जास्त कळेल.

साचलेला थर काढायचा उपाय असा. फक्त पांढऱ्या सुती कपड्यांसाठी.

१० लिटर गरम पाण्यात, म्हणजे हात जेमतेम घालवेल इतक्या, लिंबूसत्त्वाचे (सायट्रिक ॲसिडचे) तीन-चार मोठे चमचे विरघळवा. किराणा दुकानात पाकीट मिळतं. कपडे बुडवून तासभर ठेवा, मधूनमधून वरखाली करा. आम्लाने क्षारांचा थर सुटतो. मग ते पाणी पूर्ण ओतून द्या, कपडे एकदा साध्या पाण्यातून काढा, आणि नेहमीपेक्षा निम्म्या पावडरीत गरम पाण्यात धुवा. त्यानंतर पाणी नितळ दिसेपर्यंत खळबळा. लिंबूसत्त्व कपड्यात राहू देऊ नका, आम्ल राहिलेल्या सुती कपड्यावर इस्त्री फिरली की धागा कमजोर होतो. खूप जुना थर असेल तर आठवड्याने पुन्हा एकदा. माझ्या शर्टांना तीन वेळा करावं लागलं.

आणि हे कळकळीने सांगते: त्या बादलीत ब्लीच घालू नका. आम्ल आणि क्लोरीनचं ब्लीच एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच यांनाही हाच नियम. एकाच दिवशी, एकाच मोरीत दोन्ही वापरू नका.

थर निघाला की तो पुन्हा साचू न देण्यासाठी तीन गोष्टी करा. पहिली, पावडर मोजून. पाकिटावरचं प्रमाण पूर्ण भरलेल्या मशीनसाठी आणि चांगल्या मळलेल्या कपड्यांसाठी असतं. ऑफिसचे, एक दिवस घातलेले कपडे त्याच्या निम्म्यात निघतात. जड पाण्याला थोडी जास्त लागते हे खरं, पण ‘थोडी’ म्हणजे चमचाभर, पेलाभर नाही.

दुसरी, शेवटचं पाणी हलकं. आमच्याकडे महापालिकेचं पाणी सकाळी दोन तास येतं. धरणाचं पाणी बोअरपेक्षा बरंच हलकं. ते मी एका पिंपात धरून ठेवते आणि पांढरे कपडे शेवटी त्यातूनच काढते. पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप लावता येत असेल तर त्याहून चांगलं पाणी नाही. पहिल्या पावसाचं तेवढं सोडून द्या, त्यात छपराची धूळ असते. मशीन असेल तर जास्तीच्या रिन्सचं बटण दाबा. पाणी जातं याचं मलाही वाईट वाटतं, म्हणून ते पाणी मी फरशीला वापरते.

तिसरी, हाताने धुणाऱ्यांसाठी धुण्याचा सोडा. २० लिटरच्या बादलीत चहाचे दोन चमचे सोडा विरघळवा आणि कपडे न घालता अर्धा-पाऊण तास तशीच ठेवा. कॅल्शियमची चुनखडी होऊन खाली बसते. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत हलक्या हाताने ओतून घ्या आणि त्यात धुवा. ही वाट बघणं महत्त्वाचं आहे. सोडा आणि कपडे एकदमच टाकले तर ती चुनखडी कपड्यांवरच बसते. म्हणून मशीनमध्ये मी सोडा कधीच घालत नाही. आणि खायचा सोडा हा वेगळा पदार्थ, त्याने थंड पाणी हलकं होत नाही. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकायचा सल्ला तर सोडूनच द्या. फसफसतं छान, पण दोघं एकमेकांना निकामी करतात.

नीळ आणि ब्लीच

नीळ मळ काढत नाही, पिवळेपणा झाकते. थर काढलेल्या कपड्यालाच ती शोभते, थर असलेल्या कपड्यावर निळे पट्टे उठतात. बादलीभर पाण्यात आधी पूर्ण मिसळा, मग कपडा एकदम सगळा बुडवा. बाटली कपड्यावर उपडी करू नका.

क्लोरीनचं ब्लीच मी फक्त पायपुसणी आणि फडक्यांना वापरते. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ब्लीचने तांबूस डाग पडतात, आणि ताणणाऱ्या धाग्याचे कपडे पिवळे होऊन ढिले पडतात. त्याऐवजी ऑक्सिजनचं, म्हणजे क्लोरीन नसलेलं, ब्लीच घ्या. कोमट पाण्यात काही तास भिजवलं की चादरी आणि अभ्रे छान निघतात.

टॉवेलला सुगंधी कंडिशनर नको. तो धाग्यावर मेणचट थर सोडतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

वाळवणं

पांढरे उन्हात, रंगीत उलटे करून सावलीत. पावसाळ्यात कपडे मशीनमध्ये तासभरही राहू देऊ नका, कुबट वास तिथेच धरतो. घरात वाळवायचे असतील तर दोरीवर एकाआड एक जागा सोडा आणि पंखा छतावरचा नको, टेबलफॅन कपड्यांच्या खालून आडवा लावा. धुणं झालं की मशीनचं दार उघडं ठेवा, आणि फ्रंट लोडच्या दाराचा रबर आतून कोरड्या फडक्याने पुसून घ्या. त्या घडीत बोट घालून बघितलं तर काळा बुळबुळीत मळ हाताला लागेल. नव्या पावडरीनंतरही कपड्यांना वास येत असेल तर तो बहुतेक तिथूनच येतो.