मृगाआधी घोड्यांचं कुरण: जनावर सोडण्यापूर्वीची तयारी

पहिले दोन-तीन पाऊस झाले की माळ हिरवा दिसू लागतो आणि घोडा दाव्याला ओढ घेतो. उन्हाळाभर कडब्यावर काढलेल्या जनावराची दया येऊन मालकही दावं सोडतो. घोड्याच्या पोटाला सगळ्यात जास्त धोका याच दोन-तीन आठवड्यांत असतो.

गाय जिभेने गवताला वेढा घालून ओढते, त्यामुळे बोटभर गवत तिच्या तोंडी लागतच नाही. घोड्याला वरचे आणि खालचे दोन्ही पुढचे दात असतात. तो अगदी जमिनीलगत कुरतडतो. नव्या कोंबाने अजून मूळ धरलेलं नसतं, त्यामुळे कोंब मातीसकट उपटून येतो. नदीकाठच्या रेताड रानात आणि मुरमाड माळावर ही वाळू रोज थोडी थोडी आतड्यात साठते आणि एक दिवस पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही, म्हणजे चुकीचं पोटात गेलेलं परत बाहेर यायची वाटच नाही.

म्हणून गवत चांगलं वीतभर, सहा ते आठ इंच होईपर्यंत कुरण बंद ठेवा. पाऊस वेळेवर झाला तरी बहुतेक ठिकाणी यासाठी जुलै उजाडतो. चरून गवत तीन इंचांवर आलं की जनावर दुसऱ्या वाफ्यात हलवा आणि पहिल्याला तीन-चार आठवडे विसावा द्या. त्यासाठी कुरणाचे निदान तीन भाग आत्ताच पाडून ठेवा.

पोटात वाळू जातेय का, हे घरच्या घरी कळतं. ताज्या लिदीचे पाच-सहा गोळे वरच्या बाजूने उचला, जमिनीला टेकलेला भाग घेऊ नका. काचेच्या बरणीत पाणी घालून ते कुस्करा, हलवा आणि पंधरा मिनिटं बरणी स्थिर ठेवा. तळाशी बोटांना खरखरीत लागणारा थर बसला तर चराई थांबवा, वाळलेली वैरण वाढवा आणि पशुवैद्यकांना दाखवा. वाळू दिसली नाही म्हणून पोट साफच आहे असं मात्र नाही. जोखमीच्या रानात ही तपासणी पावसाळ्यात अधूनमधून करत राहा.

मे महिन्यातली फेरी

पावसाआधी कुरण पायी फिरा. सोबत एक पोतं आणि विळा घ्या. तारांचे तुकडे, खिळे, फुटक्या बाटल्या, प्लास्टिकच्या पिशव्या उचला. उंदीर-घुशींची बिळं बुजवा, कारण धावत्या घोड्याचा पाय त्यात गेला तर हाड मोडतं. उघड्या विहिरीला कठडा किंवा भक्कम कुंपण हवंच. काटेरी तार घोड्यासाठी लावू नका. घोडा बिथरला की मागे सरत नाही, तारेत घुसतो आणि छातीची, पायाची कातडी सोलून घेतो. साडेचार ते पाच फूट उंचीचं लाकडी किंवा बांबूचं कुंपण, नाहीतर रुंद पांढऱ्या पट्टीचं सौर झटका कुंपण चांगलं. काटेरी तार आधीच असेल तर तिच्या आत हातभर अंतर सोडून दुसरी, नजरेला ठळक दिसणारी दोरी ओढा. वर्षाचं धनुर्वाताचं इंजेक्शनही आत्ताच उरकून घ्या.

आता झाडं. कण्हेर, मग ती लाल असो की पिवळी, मूठभर पानांत घोड्याचं हृदय बंद पाडू शकते. ती सहसा कुरणात उगवत नाही, फार्महाऊसच्या कुंपणाला असते. पावसाआधी छाटणी होते आणि माळी फांद्या पलीकडे कुरणात टाकतो. हिरवी कण्हेर कडू म्हणून घोडा सहसा तोंड लावत नाही, वाळलेली खातो, आणि वाळल्यावरही तिचं विष जात नाही. शेजाऱ्यांना हे आवर्जून सांगा. खुळखुळा म्हणजे घागरी फुलोऱ्याआधी उपटा. त्याचं विष यकृतावर जातं आणि लक्षणं दिसेपर्यंत महिने उलटलेले असतात, त्यामुळे शेवटी दोष भलत्याच गोष्टीला लागतो. कासविंद्याच्या शेंगा, धोत्रा, एरंडाच्या बिया, घाणेरी, ओढ्याकाठचं बेशरम हे सगळं मुळासकट काढा. गाजरगवत ओल्या जमिनीत, हातमोजे घालून, फूल यायच्या आधी उपटा. बांधावर सुबाभूळ असेल तर लक्ष ठेवा. ती भरपूर खाल्ली की आयाळ आणि शेपटीचे केस गळतात.

कुसळी गवत पावसाळ्याच्या सुरुवातीला बिनधोक असतं. सप्टेंबरनंतर त्याची कुसळं हिरड्यांत, जिभेखाली, डोळ्यांत रुततात, म्हणून फुलोऱ्याच्या आत कापून घ्या.

कोणतं गवत

हरळी ही घोड्याची आवडती, आणि टापांखाली टिकणारी तीच. जोडीला मारवेल लावा. जून-जुलैमध्ये मुळं फुटलेली ठोंबं ४५ बाय ३० सेंटिमीटरवर लावली की दोन पावसांत जम बसतो. पवना गवत असलेला जुना माळ मोडू नका.

गोठ्यासाठी लावलेलं नेपियर घोड्यालाही तेवढंच चालतं, असा अनेकांचा समज आहे. नेपियर, अंजन, सेटारिया या गवतांत ऑक्झॅलेट असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. गाईच्या पोटातले जिवाणू त्यातलं बरंचसं मोडतात. घोड्याच्या पोटात कॅल्शियम बांधलं जातं ते तसंच वाया जातं. महिनोन्‌महिने हेच गवत आणि वर गव्हाचा कोंडा, ज्यात फॉस्फरस जास्त, असं चाललं की हाडं ठिसूळ होतात, जबडा सुजतो आणि कारण न कळता घोडा लंगडतो. नेपियर द्यायचंच असेल तर निम्म्याहून कमी ठेवा आणि लसूणघास जोडीला द्या. ज्वारीच्या कापणीनंतरच्या हिरव्या फुटव्यांत घोडा सोडू नका. विषबाधेचा धोका तर आहेच, शिवाय आठवड्यामागून आठवडे ते खात राहिल्यास मागचे पाय लुळे पडतात आणि लघवी थेंबथेंब गळते.

हिशोब असा धरा: ३५० किलोच्या घोड्याला रोज सुमारे सहा-सात किलो कोरडा चारा लागतो. पावसाळ्यातल्या कोवळ्या गवतात पाचातले चार भाग पाणीच असतं, म्हणजे हिरवं तीस-पस्तीस किलो झालं. एक एकर माळावर एक घोडा पूर्ण पोसेल, ही अपेक्षा कोरडवाहू भागात ठेवू नका. बाकीची वैरण आधीच साठवा.

सवय लावताना पहिल्या दिवशी अर्धा तास सोडा आणि दोन ते तीन आठवड्यांत वेळ वाढवत न्या. सोडण्याआधी सुकी वैरण घाला. एकदम हिरव्यावर आलं की मोठ्या आतड्यातले जिवाणू बिघडतात आणि त्याचा फटका टापांना बसतो. पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन घोडा उभा राहिला आणि टापा गरम लागल्या तर तो लॅमिनायटिस, म्हणजे टापेच्या आतला दाह, समजा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा. लठ्ठ तट्टांना हे लवकर होतं.

लीद आणि जंत

घोडे कुरणाच्या ठरावीक कोपऱ्यात लीद टाकतात आणि तिथलं गवत टाळतात. कुरण लहान असलं की टाळणं जमत नाही आणि लिदीतल्या जंतांच्या अळ्या गवतावरून पुन्हा पोटात जातात. आठवड्यातून दोनदा लीद उचला आणि खड्ड्यात कुजवा. पावसात ती कुरणावर पसरवू नका, अळ्या सगळीकडे जातील. पसरायची तर एप्रिल-मेच्या कडक उन्हात. घोड्यांनंतर त्याच वाफ्यात मेंढ्या किंवा गाई चारा. घोड्याचे बहुतेक जंत त्यांच्यात वाढत नाहीत, अळ्या तिथेच संपतात. धनगर वाड्यांबरोबर मेंढ्या आणि भीमथडी घोडी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र फिरत आली आहेत, त्या पद्धतीत हा फायदा आपसूक मिळत होता. जंतांचं औषध मात्र लीद तपासून आणि वजनाच्या हिशोबानेच द्या. अंदाजाने कमी डोस दिला की जंत औषधाला दाद देईनासे होतात.

कोंबड्यांचं किंवा जनावरांचं तयार खाद्य घोड्याच्या तोबऱ्यात घालू नका. काहींत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, ते घोड्याला प्राणघातक आहे.

पावसाळ्यात डबकी बुजवा आणि प्यायला स्वच्छ पाण्याचा हौद ठेवा. एका घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं. चावऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो. ताप येऊन-जाऊन राहतोय, घोडा खातो पण वाळतोय, पोटाखाली आणि पायांवर सूज आहे, असं दिसलं तर ताप असतानाच रक्ताचा नमुना तपासायला द्या आणि निकाल येईपर्यंत त्याला बाकीच्या घोड्यांपासून वेगळं, माश्या नसलेल्या जागी बांधा.