इसब असताना अंघोळ कशी करावी: नैसर्गिक साबण, घरगुती उपाय आणि त्यांचा क्रम

इसब म्हणजे एक्झिमा उठला की पहिला संशय साबणावर जातो, आणि तो बहुतेक वेळा योग्यच असतो. पण त्यानंतर माणूस ‘नैसर्गिक’ असं लिहिलेली एक वडी आणतो आणि प्रश्न सुटला असं समजतो. इसबाच्या त्वचेला साबण जितका कमी लागेल तितका बरा. अंघोळीनंतर अंगावर काय राहतं, यावर पुढचा दिवस कसा जाईल हे जास्त ठरतं. खालचा क्रम याच हिशोबाने लावला आहे.

आधी हे इसबच आहे ना, ते पाहा

कडा उठलेल्या आणि मधला भाग निवळलेला असा गोल चट्टा असेल, तर ते गजकर्ण असू शकतं. रात्री अंथरुणात खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ आहे आणि घरात आणखी कोणाला खाज सुटली आहे, असं असेल तर खरूज असण्याची शक्यता मोठी. या दोन्हींवर औषधच लागतं, साबण बदलून काही होत नाही. इसबाचे कोरडे, खरखरीत, खाजरे चट्टे बहुधा कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्याच्या मागे, मानेवर आणि हातांवर येतात आणि पुन्हा पुन्हा येत राहतात. एकदा डॉक्टरांकडून निदान करून घ्या आणि मगच पुढचं सगळं करा.

साबणाची निवड

त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशी स्निग्ध पदार्थांनी सांधलेल्या असतात. इसब असलेल्यांचा हा थर मुळातच कच्चा असतो. अनेकांच्या बाबतीत फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो, हे २००६ मध्ये समोर आलं. थर कच्चा असल्याने आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. मग खाज सुटते, आणि खाजवलं की थर आणखी फाटतो.

आता साबणाकडे पाहू. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू म्हणजे पीएच ५ च्या आसपास असतो. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून बनलेल्या खऱ्या साबणाचा सामू ९ ते १० भरतो, म्हणजे तो त्वचेच्या उलट, अल्कधर्मी असतो. साबण कारखान्यातला असो की कोणी प्रेमाने घरी बनवलेला, यात फरक पडत नाही. खात्री करायची असेल तर वडी ओली करून फेस काढा आणि त्यात पीएच पट्टी बुडवा. पट्टीचा रंग लगेच बदलतो. घरी साबण करणारे सामू उतरवण्यासाठी लिंबाचा रस घालतात, पण आम्लाने साबणच फुटतो आणि सामू म्हणावा तसा खाली येत नाही.

म्हणून हातचा साबण वाईट, असं मात्र नाही. चांगल्या हातच्या साबणात पाच ते आठ टक्के तेल मुद्दाम शिल्लक ठेवलेलं असतं, ग्लिसरीन काढून घेतलेलं नसतं आणि वडी चार ते सहा आठवडे मुरवलेली असते. अशा साबणाने त्वचा कमी ओढल्यासारखी होते. नुसत्या खोबरेल तेलाचा साबण भरपूर फेस देतो, पण जास्त कोरडेपणाही आणतो. ऑलिव्ह तेल जास्त असलेला साबण त्या मानाने सौम्य. तरीही इसब भडकलेला असताना माझं मत स्पष्ट आहे: साबण बाजूला ठेवा आणि सामू ५.५ च्या जवळचा, बिनवासाचा, साबणविरहित क्लेन्झर वापरा. अशी वडी ‘सिंडेट बार’ या नावाने मिळते. हातचा साबण त्वचा शांत असतानाच्या दिवसांसाठी ठेवा.

वेष्टनावर काय वाचायचं? सर्वांत आधी सुगंध. लव्हेंडर, टी ट्री, लेमनग्रास यांची तेलं वनस्पतींचीच असतात, पण त्यांतले लिनालूल, लिमोनीन यांसारखे घटक हवा लागून बदलतात आणि ॲलर्जी आणू शकतात. ‘अनसेंटेड’ लिहिलं असेल तरी मूळ वास झाकणारा सुगंध आत असू शकतो, म्हणून ‘फ्रेग्रन्स फ्री’ हेच शब्द शोधा. मीठ, कॉफी किंवा कसलाही रवाळ कण असलेली वडी नको. साबणात खाद्यपदार्थांची प्रथिनं असतील तर जास्त जपा. जपानमध्ये २०१० पर्यंत विकल्या गेलेल्या चेहऱ्याच्या एका साबणात प्रक्रिया केलेलं गव्हाचं प्रथिन होतं. तो वापरून दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली. पूर्वी गहू सुखाने खाणाऱ्यांना गव्हाचे पदार्थ खाल्ल्यावर त्रास होऊ लागला. फाटलेल्या त्वचेवर खाण्याची वस्तू चोळण्यापूर्वी हे आठवा.

नवी वस्तू आधी थोड्या जागेवर

क्रीम किंवा तेल असेल तर हाताच्या आतल्या बाजूला, जिथे चट्टा नाही अशा नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा सात ते दहा दिवस लावा. साबण असा लावून ठेवायचा नसतो, कारण साबण सुकू दिला तर धडधाकट त्वचाही लाल होते. त्याचा फेस रोज त्याच जागी लावून लगेच धुवा. लाली, खाज किंवा बारीक पुरळ आलं तर ती वस्तू तिथेच थांबवा. एका वेळी एकच नवी वस्तू घ्या, म्हणजे त्रास झाला तर कशाने झाला ते कळेल.

अंघोळ

पाणी कोमट ठेवा. कढत पाण्याने खाजेला घटकाभर बरं वाटतं आणि मग ती दुप्पट उसळते. पाच ते दहा मिनिटांत आटोपा. क्लेन्झर काखा, जांघा, पावलं आणि खरंच मळलेल्या जागा एवढ्यापुरताच. चट्ट्यांवर नुसतं पाणी पुरतं. घासणी, ब्रश, दगड काही नको. शाम्पूचा फेस अंगावरून ओघळू नये म्हणून डोकं वाकून वेगळं धुवा.

टॉवेलने पुसू नका, टिपा. त्वचेवर थोडा ओलावा राहू द्या आणि तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावा, जमल्यास न्हाणीघरातच. केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने हात फिरवा, चोळू नका. सगळ्यात जास्त कंजुषी होते ती इथे. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर लागतो, आणि आपण छोटी ट्यूब महिनाभर पुरवतो. लोशन घ्यावं की क्रीम, जेल की घट्ट मलम? ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या चारही प्रकारांच्या परिणामात विशेष फरक दिसला नाही. त्यामुळे जे दिवसातून दोनदा लावायचा कंटाळा येणार नाही, ते घ्या. डबा असेल तर बोटं न घालता स्वच्छ चमच्याने काढा. स्निग्ध मलम कपड्यांत, पांघरुणात मुरतं आणि तो कपडा लवकर पेट घेतो, तेव्हा आगीपासून लांब राहा.

घरातले उपाय

मी ओट्सना पहिला मान देते. त्यांत अव्हेनॲन्थ्रमाइड नावाचे दाह आणि खाज कमी करणारे घटक असतात. साधे, बिनचवीचे ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करा. चमचाभर पूड ग्लासभर पाण्यात ढवळा. पाणी दुधासारखं झालं आणि पूड लगेच तळाशी बसली नाही, तर काम झालं. नाहीतर अजून दळा. टबभर कोमट पाण्याला एक वाटी पूड पुरते. टब नसेल तर मलमलीच्या कापडात पुरचुंडी बांधून पाण्यात भिजवा आणि तिचं दाट पाणी चट्ट्यांवर हलकेच पिळा. घासायचं नाही. दहा मिनिटांनी टिपून वर मॉइश्चरायझर लावा. पुरचुंडी दर वेळी नवी करा आणि टब निसरडा होतो याकडे लक्ष ठेवा. लहान मुलांना, विशेषतः ज्यांना खाण्याच्या ॲलर्जी आहेत त्यांना, डॉक्टरांना विचारूनच.

व्हर्जिन खोबरेल तेल ओलसर त्वचेवर पातळ लावता येतं. इसबाच्या त्वचेवर वाढणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंचं प्रमाण त्याने कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. ऑलिव्ह तेल मात्र थेट अंगाला लावू नका, त्यातल्या ओलेइक आम्लाने त्वचेचा वरचा थर आणखी सैल होतो. साबण झाल्यावर तेलाचं रूप बदलतं, म्हणून वर त्याला सौम्य म्हटलं.

सफरचंदाच्या व्हिनेगरची भलामण फार होते. २०१९ च्या एका अभ्यासात पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये हात रोज बुडवून पाहिले, त्वचा सुधारली नाही आणि बहुतेकांना चुणचुण झाली. लिंबू, खाण्याचा सोडा, लसूण, कच्च्या कडुलिंबाचा किंवा हळदीचा लेप उघड्या चट्ट्यावर नकोच.

खाज अनावर झाली तर गार पाण्यात भिजवलेला सुती रुमाल पाच-दहा मिनिटं ठेवा आणि लगेच मॉइश्चरायझर. नखं कापलेली, कपडे सैल आणि सुती, धुतलेले कपडे जास्तीच्या एका पाण्यातून काढलेले असावेत.

डॉक्टर कधी

डॉक्टरांनी स्टेरॉइड मलम दिलं असेल तर घरगुती उपाय सुरू केले म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका. चट्ट्यातून पाणी सुटू लागलं, पिवळसर खपली धरली, जागा गरम आणि दुखरी झाली, ताप आला, किंवा दोन आठवडे नेमाने करूनही झोप मोडण्याइतकी खाज राहिली, तर दवाखान्यात जा. एकसारखे दिसणारे दुखरे फोड झपाट्याने पसरले आणि फुटून खळगे पडले, तर तो नागिणीच्या कुळातल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठा, डोळ्यांजवळ असेल तर तासभरही थांबू नका. जाताना सध्याचा साबण, तेल, क्रीम वेष्टनासह सोबत न्या. पॅच टेस्ट, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे हे शोधणारी त्वचेवरची तपासणी, करायची ठरलीच, तर त्या घटकांच्या यादीपासूनच सुरुवात होते.