नायट्रेट, ऊन आणि मीठ: सूक्ष्मशैवालाची प्रथिने-मेद घडण हातात कशी ठेवावी

एकाच कुपीतून लावलेले आयसोक्रायसिस हे सूक्ष्मशैवाल एका कारबॉयमध्ये (मोठ्या बाटलीत) प्रथिनांनी भरलेले निघते, शेजारच्या कारबॉयमध्ये मेदाने. जात तीच, बदलतो तो खताचा हिशेब, उजेड आणि काढणीचा दिवस. त्यामुळे ‘या शैवालात मेद किती टक्के?’ या प्रश्नाला एक आकडा हे उत्तरच नाही.

गोव्यात पहिली अडचण पाण्याची. झुआरी नदीच्या मुखावर मे महिन्यात ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) च्या आसपास असणारे पाणी पावसाळ्यात झपाट्याने गोडे होते, आणि नदी वरून नायट्रेटही घेऊन येते. ते पाणी वापरून ‘कमी नायट्रोजन’चा, म्हणजे मेद वाढवण्यासाठी शैवाल उपाशी ठेवण्याचा, प्रयोग लावला तर नायट्रोजन कमी नसतोच. म्हणून वर्षभराचे पाणी एप्रिल-मेमध्ये भरून झाकलेल्या काळ्या टाकीत ठेवा. २५ पीपीटी हवे असेल तर अशा ३५च्या पाण्यातले ७१४ मिली घेऊन गोड्या पाण्याने लिटर पुरे करा. पाणी १ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा, १० टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट लिटरमागे ०.२५ मिली घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी हवा सोडून थायोसल्फेट थोडे थोडे घाला, क्लोरीनची चाचणी शून्य दाखवेपर्यंत. थोडा क्लोरीन राहिला तरी पेशी मरतात, आणि दोष बिचाऱ्या बीजाला, म्हणजे सुरुवातीला टाकलेल्या शैवालाला, जातो.

आता खत. एफ/२ माध्यमात (समुद्री शैवालाच्या नेहमीच्या खत-द्रावणात) लिटरमागे सोडियम नायट्रेट ७५ मिग्रॅ आणि सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ५ मिग्रॅ. कीटोसिरॉससारख्या डायटमला (सिलिकेचे कवच असलेल्या शैवालाला) सोडियम मेटासिलिकेट ३० मिग्रॅ वेगळे. त्या ७५ मिलिग्रॅममध्ये नायट्रोजन असतो जेमतेम १२.४ मिग्रॅ. भरल्या पोटीच्या पेशीत कोरड्या वजनाच्या ७ टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन धरला, तर लिटरमागे १८० मिग्रॅ शैवाल तयार होईतो तो संपतो. पुढे पेशींना प्रथिने बांधता येत नाहीत, पण प्रकाशसंश्लेषण चालूच राहते. तो कार्बन पिष्टमय पदार्थांत किंवा मेदात साठतो. कल्चर दोन दिवस विसरलात, तर तुम्ही नकळत उपासमारीचाच प्रयोग केलेला असतो. हिरवे नॅनोक्लोरोप्सिस शैवाल पिवळट दिसू लागला की समजावे. डायटममध्ये सिलिका संपल्यावरही मेद वाढतो.

हे मुद्दाम करायचे असेल तर सहा कारबॉय घ्या: तिघांत नायट्रेट पूर्ण, तिघांत पाव, म्हणजे १९ मिग्रॅ. फॉस्फेट, जीवनसत्त्वे, सूक्ष्मधातू सगळीकडे सारखे. उजेड १२ तास, पांढऱ्या एलईडीखाली साधारण ७,००० लक्स. तापमान २५ अंश. बीज वाढीच्या शेवटाकडे आलेले घ्या, नाहीतर त्याच्यासोबत शिल्लक नायट्रेट येते. पीएच ७.५ ते ८.२ मध्ये राहील एवढाच कार्बन डायऑक्साइड सोडा. पीएच ९च्या वर गेला की फॉस्फेट साका होऊन खाली बसते आणि तुमच्या प्रयोगात न सांगता दुसरी उपासमार सुरू होते.

टक्केवारीवर भाळू नका. समजा पूर्ण खतात लिटरला ५०० मिग्रॅ शैवाल मिळाले आणि मेद २० टक्के, म्हणजे १०० मिग्रॅ. उपाशी कारबॉयमध्ये मेद ३५ टक्के, पण शैवाल २५० मिग्रॅच. हाती आले ८७.५ मिग्रॅ. म्हणून आधी भरपूर वाढवा, शेवटचे काही दिवसच नायट्रेट बंद करा.

कालवांच्या किंवा शिनाण्यांच्या (मसल शिंपल्यांच्या) अळ्यांना खाद्य म्हणून शैवाल वाढवताना मात्र उलटे. साठवणीच्या मेदात संपृक्त मेदाम्लेच जास्त. अळ्यांना हवी ती लांब साखळीची असंपृक्त मेदाम्ले (डीएचए, ईपीए) मुख्यतः पेशीच्या पडद्यांत असतात. ती जपायची तर खत तोडू नका, उजेड मध्यम ठेवा, तापमान वाढू देऊ नका, आणि जोमदार वाढ चालू असतानाच काढा. उन्हाळ्यात वीज जाऊन खोली तापली की हीच आम्ले आधी घटतात. डीएचएसाठी आयसोक्रायसिस, ईपीएसाठी नॅनोक्लोरोप्सिस किंवा कीटोसिरॉस.

डुनालिएला सलाइना या खाऱ्या पाण्यातल्या शैवालाची तऱ्हा निराळी. गोव्यातल्या आगरवाड्यासारख्या मिठागरांत जे वातावरण उन्हाळ्यात आपोआप तयार होते, तेच तिला लागते: भरपूर मीठ, कडक ऊन, थोडा नायट्रोजन. आधी १०० पीपीटीच्या आसपास हिरवी वाढू द्या, मग मीठ हळूहळू २००च्या वर न्या. पेशी केशरी होतात; बीटा-कॅरोटीन कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तिला पेशीभित्तिका नाही. उघड्या टाकीवर अचानक पाऊस पडला तर पेशी फुगून फुटतात. ताडपत्री मे संपायच्या आत बांधा.

मोजणीत दोन चुका नेहमीच्या. एक, समुद्राचे मीठ गाळणीवरच राहते, कोरडे वजन फुगते आणि सगळे टक्के खाली दिसतात. काचतंतूच्या गाळणीवरचे शैवाल ०.५ मोलर अमोनियम फॉर्मेटने धुवा. हे फॉर्मेट १०५ अंशांवर उडून जाते. डुनालिएला धुताना द्रावण जास्त तीव्र घ्या. दुसरी चूक वेळेची: दिवसभर साठलेली कर्बोदके रात्री खर्च होतात. सकाळचा नमुना संध्याकाळच्या नमुन्याशी लावून पाहिला तर फरक खताचा नव्हे, घड्याळाचा दिसेल. नमुना रोज एकाच तासाला घ्या आणि मेदाचा भाग लगेच गोठवा, ओव्हनमध्ये वाळवू नका.