खात्यात पैसे नसतानाचा दंड: या चुका टाळा

हप्त्याची तारीख रविवारी आली तर हप्ता रविवारीच कापला जातो. 1 ऑगस्ट 2021 पासून हे असंच आहे. ज्या यंत्रणेतून कर्जाचे हप्ते, विम्याचे प्रीमियम, एसआयपी कापले जातात ती नॅच (लोक अजून ईसीएसच म्हणतात) तेव्हापासून आठवड्याचे सातही दिवस, बँक हॉलिडेलासुद्धा चालते. इतकी वर्षं झाली, तरी सोलापुरात "रविवारी बँक बंद, सोमवारी भरू" म्हणणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात. मी छोट्या दुकानदारांची आणि यंत्रमागवाल्यांची खाती लिहितो. खात्यात पैसे नसल्यानं हप्ता परत गेला की स्टेटमेंटवर दंडाची ओळ पडते. ती बघून जीव तुटतो, कारण यातले बहुतेक पैसे वाचण्यासारखे असतात.

पूर्व भागातल्या एका टॉवेलवाल्याचं उदाहरण सांगतो. चार माग, मोठा मुलगा हाताशी, धंदा नीट चाललेला. दोन हप्ते, दोन्ही पाच तारखेचे: मागाच्या कर्जाचा 14,200 आणि गाडीचा 3,850. त्या महिन्यात पाच तारीख रविवारी आली. व्यापाऱ्याकडचे पैसे शनिवारी दुपारीच रोखीनं हातात आले होते. ते घरात कपाटात ठेवले आणि खातं रिकामं. रविवारी दोन्ही हप्ते परत गेले. बँकेनं प्रत्येकी 500 आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590 प्रमाणे 1,180 रुपये दंड लावला. खात्यात काही नसल्यामुळे तो दंड वसूल न होता येणं म्हणून उभा राहिला.

खरी मेख पुढेच आहे. सोमवारी सकाळी टॉवेलवाला बँकेत गेला आणि 14,200 अधिक 3,850, बरोब्बर 18,050 रुपये भरून आला. मनात हिशेब पक्का, की कंपनी पुन्हा हप्ता लावेल आणि विषय संपेल. पण खात्यात पैसे पडताच बँकेनं आधी आपले 1,180 उचलले. उरले 16,870. दोन दिवसांनी हप्ते पुन्हा लागले. मागाचा गेला, गाडीचा परत आला, कारण खात्यात 2,670 होते आणि हवे होते 3,850. पुन्हा 590. शिवाय कर्ज देणाऱ्यांनीही परत गेलेल्या प्रत्येक हप्त्यामागे 500 लावले. तीनदा परत, बँकेचे 1,770 आणि त्यांचे 1,500, मिळून 3,270 रुपये. पैसे घरात असताना! वर गाडीच्या कर्जावर उशिराची नोंद लागली ती वेगळीच.

म्हणून माझं पहिलं सांगणं: हप्ता चुकला की हप्त्याएवढीच रक्कम भरू नका. आधी स्टेटमेंट बघा, किंवा काउंटरवर विचारा, "दंडाचे किती येणं आहे?" दंड अधिक हप्ता अधिक थोडे जास्त, असे भरा. आणि कर्ज देणाऱ्याला फोन करून विचारा की पुन्हा हप्ता लावणार आहात की मी थेट भरू? थेट भरलात तर पावती घ्या आणि पुन्हा लावू नका असं लेखी कळवा, नाहीतर दोन्हीकडून पैसे जातात आणि ते परत मिळवायला महिना जातो.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी हप्त्यांसाठी वेगळं खातं ठेवायला लावतो. त्याला यूपीआय जोडायचं नाही, त्याचं एटीएम कार्ड खिशात ठेवायचं नाही. त्यात एका हप्त्याएवढी रक्कम कायमची पडून असू द्यायची आणि नवा हप्ता तारखेच्या तीन दिवस आधी भरायचा. "एवढे पैसे पाडून ठेवायला परवडत नाही" असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. दंड परवडतो आणि शिल्लक परवडत नाही, हा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही. अगदीच जमत नसेल तर कर्ज देणाऱ्याकडे अर्ज करून हप्त्याची तारीख बदलून मागा. पगार सातला होतो आणि हप्ता पाचला, अशी जोडी वर्षानुवर्षं चालवणारी माणसं आहेत आणि त्यांनी एकदाही विचारलेलं नसतं.

आता चेक. सोलापूरच्या बाजारात, चाटी गल्लीत, नवी पेठेत जुनी सवय आहे: आज चेक द्यायचा, तो लागायला दीड-दोन दिवस, तोवर पैशाची सोय करायची. ते दिवस गेले. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक गठ्ठ्यानं नाही, दिवसभर सलग क्लिअर होतात. सकाळी बँकेत टाकलेला चेक त्याच दिवशी तुमच्या खात्यावर येऊन उभा राहतो. म्हणजे चेकवर सही करताना पैसे खात्यात असलेच पाहिजेत, संध्याकाळी येणारे धरायचे नाहीत. परत गेलेल्या चेकचा दंड ही त्यातली लहान गोष्ट. चेक परत आल्याचं कळल्यावर समोरचा 30 दिवसांत नोटीस देऊ शकतो आणि नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 खाली खटला उभा राहतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परत गेलेल्या नॅच हप्त्यालाही 2007 च्या पेमेंट कायद्याच्या कलम 25 खाली तशीच शिक्षा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यामुळे असली नोटीस कपाटात टाकू नका. पंधरा दिवस हातात आहेत, त्यात पैसे द्या आणि दिल्याचा पुरावा ठेवा.

ज्यांची ओडी (ओव्हरड्राफ्ट) किंवा सीसी (कॅश क्रेडिट) आहे, म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत बँकेचे पैसे वापरायची सोय आहे, त्यांच्यासाठी एकच, पण महत्त्वाचं. पाच लाखांची लिमिट म्हणजे वापरायला पाच लाख नव्हेत. महिनाअखेरीला व्याज त्याच खात्यात नावे पडतं. लिमिट काठोकाठ वापरली असेल तर व्याज पडताच खातं लिमिटच्या वर जातं, त्यावर जादा आकारणी सुरू होते आणि पुढचा चेक परत जातो. खातं सलग 90 दिवसांहून जास्त लिमिटच्या वर राहिलं तर ते एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, बुडीत जाऊ शकणारं कर्ज. शाळेच्या गणवेशाचा धंदा असलेल्यांना हे मी खास सांगतो. जूनच्या आधी कापडात सगळे पैसे अडकतात आणि वसुली नंतर होते, तेव्हा मार्चमध्येच दोन महिन्यांच्या व्याजाची जागा लिमिटमध्ये मोकळी ठेवा. स्टॉक स्टेटमेंटही (शिल्लक मालाचा हिशेब) बँकेला वेळेवर द्या, नाहीतर बँक तुम्हाला उचलता येणारी रक्कम कमी करते आणि तुम्हाला ते चेक परत आल्यावर कळतं.

किरकोळ वाटणाऱ्या पण पैसे खाणाऱ्या गोष्टी: खात्यात पैसे नसताना एटीएममध्ये कार्ड घालून बघू नका, नकार मिळालेल्या व्यवहारालाही आकार असतो. आधी मोबाइलवर शिल्लक बघा. मे महिन्याच्या शेवटी पंतप्रधान विमा योजनांचे 436 आणि 20 रुपये कापले जातात, ते हिशेबात धरा. मोबाइलवर कधी काळी चालू केलेले ऑटोपे यूपीआय ॲपमध्ये जाऊन बंद करा.

मिनिमम बॅलन्सचा घोळ वेगळा आहे. नोकरी सुटली, पगार येणं थांबलं की सॅलरी खातं साधं बचत खातं होतं आणि शिल्लक ठेवायची अट लागू होते. ते खातं तसंच सोडून देणं ही चूक. एकतर बंद करा, नाहीतर साधं बेसिक खातं करून घ्या. बेसिक बचत खात्याला, आणि जनधन खातं हे बेसिकच असतं, शिल्लक ठेवण्याची अटच नसते. त्याच बँकेत दुसरं बचत खातं मात्र ठेवता येत नाही. कुंभारीच्या घरकुलातल्या एका विडी कामगार बाईंच्या खात्यातून असे पैसे जात होते. बँकेत एक अर्ज दिला आणि खातं बेसिक झालं. अर्ज अर्ध्या पानाचा होता. काही सरकारी बँकांनी बचत खात्यावरचा हा दंड काढूनही टाकला आहे. स्टेट बँकेनं तो 2020 मध्येच बंद केला. तेव्हा आपल्या बँकेचा आजचा नियम विचारून घ्या.

आणि बँकेवरही बंधनं आहेत. ती माहीत नसल्यामुळे लोक काउंटरवर आवाज चढवतात आणि रिकाम्या हातानं परत येतात. रिझर्व्ह बँकेचा नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू आहे: बचत खात्यात शिल्लक कमी झाली तर आधी कळवायचं, भरायला किमान एक महिना द्यायचा, दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणातच लावायचा आणि केवळ या दंडामुळे खातं उण्यात न्यायचं नाही. दोन वर्षं व्यवहार नसलेल्या, निष्क्रिय झालेल्या खात्यावर हा दंड लावताच येत नाही. कर्जाच्या उशिराबद्दल लावलेल्या दंडावर पुन्हा व्याज चढवायलाही बंदी आहे.

तुमच्या स्टेटमेंटवर यातलं काही मोडलेलं दिसलं तर तोंडी भांडू नका. त्या ओळीखाली पेननं रेघ मारा, झेरॉक्स काढा, शाखा व्यवस्थापकाच्या नावानं अर्ज लिहा: तारीख, रक्कम, कुठला नियम मोडला, पैसे परत मिळावेत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. चूक तुमची असली तरी पहिल्याच वेळी, शांतपणे, लेखी मागितलं तर दंड माफ करणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग आहे. नियम मोडलेला असेल तर मर्जीचा प्रश्न येत नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. त्याला फी नाही, वकील लागत नाही आणि मुंबईला जावं लागत नाही. तिथे विचारतात ती पहिली गोष्ट म्हणजे बँकेला दिलेल्या अर्जाची प्रत.