पलंगाला जोडायचा पाळणा: आधी फटी बघा
बाळासाठी पलंगाला जोडायचा पाळणा घेताना रंग, झालर नंतर. आधी फटी बघा. पट्ट्यांनी तो पलंगाला घट्ट बांधा आणि मधे हात घालून जोरात ढकला. जरा जरी सरकला, तर तो नकोच. त्या चिंचोळ्या फटीत तोंड अडकलं, तर एवढ्याशा जिवाला मान वळवून सुटता येत नाही.

गादी कडक, सपाट हवी. तळव्याने दाबून सोडल्यावर खड्डा राहता कामा नये. कडेला दोन बोटांहून जास्त जागा उरली, तर गादी लहान आहे. गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. उशी, लोड, मऊ खेळणी आत अजिबात ठेवू नका, कितीही गोड दिसली तरी. बाळाला पाठीवरच झोपवा. ते हातागुडघ्यांवर उठू लागलं, की हा पाळणा बंद.